पटांगणातले चार चौकोन

आमच्या मुख्याध्यापिका देशिंगकर बाईंनी स्वयंपाकघराची किल्ली मागितली, तेव्हा आईनं ती कनवटीची सोडून लगेच त्यांच्या हातावर ठेवली. अवघडल्यासारखं झालं ते बाईंनाच.

"शेवंताबाई, चौकशी होईपर्यंतच हं," बाई म्हणाल्या. "संस्थेनं ठरवलंय. माझ्या हातात काही नाही."

"व्हय बाई."

"तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा."

आईनं नुसती नकाराची मान हलवली आणि पायरी उतरून बाहेर आली. मी दाराशीच उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. इतकी वर्षं हिनं या वसतिगृहातल्या मुलींना रांधून घातलं, कोणी तापानं फणफणली तर तिच्या उशाशी बसली, आणि आज ही चोरासारखी खाली मान घालून निघाली होती. बोलत का नाही ही?

आमची शाळा आजऱ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. मुलींची शाळा. निम्म्या मुली आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून चालत यायच्या, निम्म्या वसतिगृहात राहायच्या. माझे वडील मी लहान असतानाच गेले. त्यानंतर आई वसतिगृहात स्वयंपाकाला लागली आणि मी त्याच शाळेत शिकत दहावीपर्यंत आले.

त्या आठवड्यात शाळेचं स्नेहसंमेलन झालं होतं. सकाळी संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब इंगवले यांच्या हस्ते पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन झालं. आबासाहेबांनी ती टाकी आपल्या वारलेल्या पत्नीच्या नावानं बांधली होती. स्टेजच्या मागं, निळा रंग दिलेली, ओळीनं नळ बसवलेली, वर संगमरवरी पाटी. पाटीवरचा पडदा बाजूला केल्यावर त्यांनी त्या नावावरून बोटं फिरवली होती, ते मी पहिल्या रांगेतून पाहिलं होतं. मग नाच झाले, लेझीम झाली, आणि दुपारी सगळ्यांना जेवण. मसालेभात, जिलेबी, मट्ठा. सगळं आईनं केलेलं. लोकांनी मट्ठा मागून मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मुली पडायला लागल्या. आधी उलट्या, मग जुलाब. संध्याकाळपर्यंत वसतिगृहाची एक खोली भरली. दोन शिक्षिकाही पडल्या. लेझीम पथकातल्या रत्ना भोईटेची अवस्था सगळ्यांत वाईट. तिचे डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी पडली होती. तिला जीपमध्ये घालून कोल्हापूरला नेलं, तेव्हा तिची आजी जीपच्या मागच्या फळीला धरून आईकडे बघत ओरडली होती, "हात झडतील तुजं! काय घातलंस माज्या पोरीला?"

तेव्हाही आई काही बोलली नव्हती.

मट्ठाच बाधला, हे कुणीच तपासलं नव्हतं. तपासायची गरजच कुणाला वाटली नव्हती. पडलेल्या प्रत्येक मुलीला विचारलं, "मट्ठा प्यायलीस?" आणि जवळजवळ प्रत्येक मुलगी हो म्हणाली. झालं. स्वयंपाकघराला कुलूप लागलं, मुलींना जेवण गावातल्या खानावळीतून येऊ लागलं. आणि आईला घरी बसायला सांगितलं.

पण कुलूप लागल्यानंतरही आणखी दोघी पडल्या.

हे मला नसीमाकडून कळलं. नसीमा मुल्ला माझी मैत्रीण, वसतिगृहात राहायची. घाईघाईनं आमच्या घरी आली आणि दम न घेता म्हणाली, "शालन, सहावीतल्या दोघींना सकाळपासून उलट्या होतायत."

"मट्ठ्यानं?" मी विचारलं.

"आता कुठला मट्ठा? पातेली घासून पालथी पडलीत."

मी उठून बसले. इथं एक गोष्ट सांगायला हवी. मला कोड्यांचं वेड होतं. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत एक कोडं यायचं. पाच मैत्रिणी, पाच गावं, पाच फळं. साताऱ्याची मुलगी आंबा खात नाही, पेरूवाली शोभाच्या शेजारी बसत नाही, असं काहीबाही. त्यावरून कोण कुठली आणि कोणाला काय आवडतं ते शोधायचं. ग्रंथपाल बाई ती पुरवणी माझ्यासाठी बाजूला ठेवायच्या. संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली की मी तिच्यासमोर खडूनं जमिनीवर चौकोन आखायची, चिंचोके मांडायची, हलवायची. आईला वाचता येत नव्हतं, पण मी मोठ्यानं वाचायची आणि ती ऐकायची. कधी म्हणायची, "आगं, पर त्या पेरूवालीचं काय झालं?" आणि मी सगळे चिंचोके गोळा करून पुन्हा सुरुवात करायची. कारण नियमच तसा. सगळ्या खुणा बसल्या आणि एक उरली, तर उत्तर चुकलेलं असतं. थोडंसं नव्हे, सगळंच.

त्या दोघी सहावीतल्या मुली म्हणजे उरलेली खूण होती.

"नसीमा, तू किती मट्ठा प्यायलीस त्या दिवशी?"

"तीन पेले. तुझ्या आईनंच वाढला."

"आणि तुला काही झालं नाही."

"शिंकसुद्धा आली नाही."

मी तिच्याबरोबर तशीच शाळेत गेले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर फडतरे रोज यायच्या, त्या आजारी मुलींच्या खोलीत होत्या. नवीनच लागलेल्या, पंचविशीच्या असतील. अनेक रात्री झोप न झाल्यासारखे डोळे. मी त्यांना दारातच गाठलं.

"मॅडम, मट्ठा संपून दोन दिवस झाले. मग या दोघी आज कशा पडल्या?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "हाच प्रश्न मीही सकाळपासून स्वतःला विचारतेय. तू कोण?"

"दहावीतली. शालन गुरव."

"स्वयंपाकाच्या बाई..."

"माझी आई."

मला वाटलं, आता म्हणतील, जा घरी. पण त्या म्हणाल्या, "मी स्वयंपाकघराच्या विहिरीचं पाणी तपासायला पाठवलंय. निकाल यायला वेळ लागेल. मला प्रत्येक मुलीला बसवून विचारायचंय, काय खाल्लं, कुठं गेली. पण मी एकटी आहे. आणि उद्या दुपारी इथं पालकांची सभा आहे. तुझ्या आईविरुद्ध तक्रार द्यायची असं ठरतंय."

"मॅडम, सगळ्या मुलींना एकदमच विचारलं तर?"

"एकदम कसं विचारणार?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मध्येच दोन प्रश्न विचारले, मग मला हाताला धरून थेट देशिंगकर बाईंच्या खोलीत घेऊन गेल्या. बाई आधी नाहीच म्हणाल्या. आबासाहेबांना काय वाटेल, पालक काय म्हणतील. पण डॉक्टर म्हणाल्या, "बाई, उद्या आणखी दोन पडल्या तर तुम्ही कुणाला कुलूप लावणार?" तेव्हा बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "करा."

मी उड्या मारतच घरी आले. आई अंगणात बसली होती, काही न करता. तिला रिकामं बसलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. पटांगणात रांगोळीनं मोठे चौकोन आखायचे. चिंचोक्यांच्या जागी मुलीच. मी एकेक प्रश्न विचारणार, आणि मुलींनी आपापल्या चौकोनात जाऊन उभं राहायचं.

"आणि मी मट्ठ्याचं विचारणारच नाही," मी म्हणाले. "त्याचं सगळ्यांना माहीतच आहे. थेट पाण्यापासून सुरुवात करते. मला संशय पाण्याचाच आहे."

आईनं मान वर केली. "मट्ठ्याचं का इचारणार न्हाईस?"

"अगं, लोक मट्ठ्यावरच टपून बसलेत. जवळजवळ सगळ्याच प्यायल्यात. चौकोन गच्च भरला की लोक पुढचं बघणारच नाहीत."

"पयलं मट्ठ्याचंच इचार."

"आई!"

"पयलं मट्ठ्याचं. समद्यांच्या म्होरं." तिचा आवाज हळू होता, पण असा आवाज लागला की तिच्यापुढं कुणाचं चालत नसे. "मला सोडवाय म्हनून मांडू नगंस शालन. ज्ये हाय त्ये मांड. तकडं रत्नी पडलीया. हितं अजून पोरी पडत्यात. माजं काय आसंल त्ये आसूदे."

मला राग आला. वाटलं, हिला स्वतःची काही पडलेलीच नाही. पण मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पटांगणात गर्दी झाली. पालक, शिक्षक, गावातले लोक. आबासाहेब खुर्चीवर बसले होते, हातात काठी. स्नेहसंमेलनाची उरलेली पांढरी रांगोळी होती. नसीमा आणि मी मिळून एक मोठा चौकोन आखला, मग त्यात उभी आणि आडवी रेघ मारून चार खण केले. वरचे दोन खण आजारी पडलेल्यांचे, खालचे दोन बऱ्या असलेल्यांचे. डावीकडे मट्ठा प्यायलेल्या, उजवीकडे न प्यायलेल्या. ज्या मुली अजून अंथरुणात होत्या, त्यांच्या चपला मैत्रिणींनी आणून ठेवल्या. रत्नाच्या चपला मी स्वतः ठेवल्या. तिच्या चपलांचा एक अंगठा तुटलेला होता आणि तो सेफ्टीपिननं जोडलेला होता.

"हे काय पोरखेळ चाललेत?" कुणीतरी पालक म्हणाला.

"बघा जरा," डॉक्टर म्हणाल्या. "मी सांगितलंय तिला."

मी मोठ्यानं विचारलं, "मट्ठा कोण कोण प्यायलं होतं?"

मुली हलल्या. पटांगणभर धूळ उडाली. आणि व्हायचं तेच झालं. वरचा डावा खण, आजारी आणि मट्ठा प्यायलेल्या, खच्चून भरला. उभ्या मुली, चपलांचे जोड, दोन्ही शिक्षिका. त्याच्या शेजारच्या खणात, म्हणजे आजारी पण मट्ठा न प्यायलेल्यांत, तिघीच.

लोकांत कुजबुज सुरू झाली. "बघा, आणि काय पाहिजे?" "आईसाठी करायला गेली आणि आईलाच गोत्यात आणलं." मी आईकडे बघितलं. ती लिंबाच्या झाडाखाली उभी होती. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती त्या भरलेल्या खणाकडे बघत होती. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

आबासाहेब उठून उभे राहिले. "झालं ना आता समाधान?"

"नाही, आबासाहेब," मी म्हणाले. "खालच्या खणात बघा."

खालचा डावा खण. मट्ठा प्यायलेल्या आणि काहीच न झालेल्या. तिथं वरच्यापेक्षा जास्त मुली होत्या. नसीमा सगळ्यांत पुढं, हात कमरेवर ठेवून.

"मट्ठा जवळजवळ सगळ्यांनीच प्यायला," मी म्हणाले. "म्हणून आजारी मुलीही त्यातच सापडणार आणि बऱ्या मुलीही त्यातच. उद्या मी विचारलं की कोणी शाळेचा निळा स्कर्ट घातला होता, तरी वरचा खण असाच भरेल. आता या तिघींना विचारा. या तर मट्ठ्याच्या वाटेलाही गेल्या नाहीत."

त्या तिघींत सुगंधा लोहार होती. समूहगीतात तिचा आवाज सगळ्यांत वरचा. डॉक्टरांनी तिला विचारलं, "तू मट्ठा का नाही घेतलास?"

"आंबट खाल्लं की घसा बसतो. संध्याकाळी परत गाणं होतं माझं," सुगंधा म्हणाली. "मी नुसतं पाणी पीत होते, मॅडम. घसा कोरडा पडत होता म्हणून सारखी जात होते."

"कुठं जात होतीस?"

तिनं हात केला. स्टेजच्या मागं. निळ्या टाकीकडे.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. आबासाहेबांनी काठी जमिनीवर रोवली.

"पुसा सगळं," मी नसीमाला म्हणाले. आम्ही आधीच्या रेघा पायानं पुसल्या आणि पुन्हा आखल्या. मी विचारलं, "त्या दिवशी किंवा त्यानंतर नव्या टाकीचं पाणी कोण कोण प्यायलं?"

जेवणाच्या पंगतीत पाणी स्वयंपाकघराच्या विहिरीचं होतं, पिंपात भरून ठेवलेलं. मट्ठ्यातही तेच. नव्या टाकीवर गेल्या त्या स्टेजमागं तयार होणाऱ्या, नाचून लेझीम खेळून तहानलेल्या मुली. लेझीम पथक वरच्या डाव्या खणात गेलं, म्हणजे आजारी आणि टाकीचं पाणी प्यायलेल्यांत. नाचातल्या मुली गेल्या. सुगंधा आणि तिच्याबरोबरच्या गेल्या. दोन्ही शिक्षिका म्हणाल्या, मुलींना साड्या नेसवताना आम्हाला तांब्या भरून आणून दिला होता, तो तिथलाच. सहावीतल्या त्या दोघी आजारी पडेपर्यंत त्याच नळावर खेळत होत्या. रत्नाच्या चपला तिच्या मैत्रिणीनं उचलल्या आणि त्याच खणात ठेवल्या. "ती तर तांब्यावर तांब्या प्यायली होती," असं म्हणून ती रडायला लागली.

खाली, बऱ्या असलेल्या आणि टाकीचं पाणी प्यायलेल्या खणात, दोघीतिघीच. "कुणाकुणाच्या अंगात ताकद असते," डॉक्टर म्हणाल्या. बाकी सगळ्या बऱ्या मुली दुसऱ्या खणात होत्या.

आणि वर, आजारी पण टाकीचं पाणी न प्यायलेल्या खणात, एक मुलगी उभी होती. एकटी. पाचवीतली छबू चौगुले. दोन वेण्या, पांढरा पडलेला चेहरा.

"ही बघा," गर्दीतून आवाज आला. "ही तर टाकीवर गेलीच नाही. मग हिला कशानं झालं? ही प्यायलीच असंल मट्ठा!"

"प्यायलीस का गं मट्ठा?" देशिंगकर बाईंनी विचारलं.

छबूनं मान हलवली. प्यायली होती.

आबासाहेब हळू आवाजात म्हणाले, "टाकी कोरी आहे. महिनाही झाला नाही तिला. तिच्यावर आळ घेण्याआधी..." मला त्यांची कीव आली. ती टाकी त्यांच्यासाठी नुसती टाकी नव्हती.

देशिंगकर बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "शालन, एका मुलीनं काय होतंय? बाकी सगळं जुळतंय की."

मला तेव्हा हो म्हणता आलं असतं. लोक हळूहळू माझ्या बाजूला येत होते, ते दिसत होतं. मी आईकडे बघितलं. ती झाडाखालून दोन पावलं पुढं आली आणि तिथूनच म्हणाली, "आगं, पर त्या छबीचं काय झालं?"

"एक खूण बसली नाही तर उत्तर चूक, बाई," मी म्हणाले.

मी छबूच्या खणात गेले आणि तिच्यासमोर खाली बसले.

"छबू, तू त्या दिवशी नाचात नव्हतीस ना?"

"न्हाई. मला घेतलं न्हाई."

"मग दिवसभर कुठं होतीस?"

तिचा खालचा ओठ दातात धरलेला. तिच्या मागं गर्दीत तिचे वडील उभे होते, धिप्पाड माणूस, आणि ती सारखी तिकडं बघत होती. मी तिला हाताला धरून थोडं बाजूला नेलं, माझ्या आडोशाला.

"कोणी काही म्हणणार नाही. मला एकटीला सांग."

तिनं माझ्या कानाला तोंड लावलं. "मी स्टेजच्या मागं गेले हुते. लाली लावायला. नाचातल्या पोरींची डबी तितं पडली हुती. म्या व्हटाला लावली. मग अण्णा आलेलं दिसलं."

"मग?"

"अण्णा मारत्यात लाली लावली की. म्हनून धुतली. घासून घासून. जातच नव्हती."

"कुठं धुतलीस?"

"नळावर. तोंडात पानी घिऊन चुळा भरल्या. पर मी प्यालं न्हाई. तुमी इचारलं, पानी कोन प्यालं. म्या प्यालंच न्हाई."

इतक्या लोकांत, त्या लहान मुलीनं माझ्या प्रश्नाचं अगदी खरं उत्तर दिलं होतं. प्रश्नच माझा चुकला होता.

मी उभी राहिले. "छबूनं त्या नळावर तोंड धुतलं होतं, चुळा भरल्या होत्या," एवढंच सगळ्यांना सांगितलं. लालीचं नाव काढलं नाही. छबूनं माझा हात सोडला, आपण होऊन रेघ ओलांडली आणि लेझीम पथकाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ती जिथून निघाली तो खण रिकामा झाला. पांढऱ्या रांगोळीच्या चार रेघा आणि मध्ये नुसती माती.

डॉक्टर फडतरे माझ्याकडे बघत होत्या. मग आबासाहेब चालायला लागले. काठी टेकत टेकत स्टेजला वळसा घालून टाकीपाशी गेले. लोक मागून गेले. पाटीसमोर ते क्षणभर थांबले, मग खाली वाकून त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक नळ घट्ट बंद केला. खांद्यावरचं उपरणं काढून सगळ्या नळांवरून गुंडाळलं आणि गाठ मारली.

"कुणी सोडायची नाही ही," ते म्हणाले. "तिच्या नावाचं पाणी आहे. ते असं नको."

त्याच संध्याकाळी खणायला माणसं लावली. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा एक खांब रोवताना पहार टाकीच्या पाइपवर बसली होती आणि सांधा निखळला होता. शेजारूनच संडासाचं गटार जात होतं, त्यातलं पाणी पाइपात झिरपत होतं. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. खांब रोवणाऱ्यांना खाली पाइप आहे हेही माहीत नव्हतं. पुढं टाकीच्या पाण्याचाही अहवाल आला, त्यातही तेच निघालं. पण त्या दिवसानंतर एकही नवी मुलगी आजारी पडली नाही, हाच आमचा खरा अहवाल होता.

लोक पांगल्यावर देशिंगकर बाई आल्या आणि त्यांनी किल्ली आईच्या हातात ठेवली. "शेवंताबाई, मला माफ करा," त्या म्हणाल्या. डॉक्टर फडतरे म्हणाल्या, "मावशी, तुमच्या मुलीनं आज किती मुली वाचवल्या, याचा हिशेब नाही. पुढं शिकवा हिला. अडलं तर माझ्याकडे या." आईनं दोघींनाही हात जोडले.

घरी जाताना ऊन उतरलं होतं. मी तरंगत होते. छबूपाशी कशी अडले, सुगंधानं हात कसा केला, सगळं मी पुन्हा पुन्हा सांगत होते. आई हातात पिशवी घेऊन बांधावरून पुढं चालली होती. मध्येच ती थांबली आणि बांधावर बसली.

"पाय दुखतायत?" मी विचारलं.

"न्हाई. जरा बसू वाटलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "त्या दिवशी एका गाडग्यातलं दही मला येगळं लागलं हुतं."

मला कळलं नाही. "काय?"

"मट्ठ्याचं. वास घेतला, चाखलं. म्हनलं जरा आंबाट झालंय, बाकी बेस हाय. वतलं समद्यात. आन दुसऱ्या दिशी पोरी पडाय लागल्या." ती समोरच्या शेताकडे बघत होती. "मला वाटलं माज्याच हातनं झालं. किल्ली मागितली तवा दिऊन टाकली. रत्नीची आजी बोलली तवा म्हनलं, खरंच बोलतीया म्हातारी."

मी तिच्यासमोर उभी होते.

"म्हणजे आज... तू मट्ठ्याचं आधी विचार म्हणालीस तेव्हा..."

"मला वाटलं, आज माजंच निघनार."

"आणि तरी तू मला..."

"मग काय करू पोरी? माजं आसंल तर माजं निघूदे. पर दुसरं काय आसंल तर? मी गप बसले असते आन तकडं पोरी पडत ऱ्हायल्या असत्या." ती उठली, लुगडं झटकलं. "चल. चूल पेटवायची हाय."

सगळी दुपार मी समजत होते की पटांगणात मी उभी आहे आणि आई नुसती झाडाखाली बघत. त्या भरलेल्या खणासमोर ती काय घेऊन उभी होती, हे मला तेव्हा कळलं. आणि छबूबद्दल विचारलं होतं तेही तिनंच. टाकीवर सगळं ढकलून मोकळं व्हायची वेळ आली असताना.

मी पुढं होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली.

दुसऱ्या दिवशी आई पहाटे उठली आणि तांदळाची पेज केली. रत्नाला कोल्हापूरच्या दवाखान्यात न्यायला. आम्ही एसटीनं गेलो. खोलीच्या दारापर्यंत आई आली आणि तिथंच थांबली. तिनं डबा माझ्या हातात दिला. "तू दे जा."

रत्ना शुद्धीवर होती, उशीला टेकून बसलेली, हाताला सलाइन. तिची आजी खाटेच्या कडेला बसली होती. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"कुनाची गं तू?"

असं कुणी विचारलं की मी वडिलांचं नाव सांगायची. गावात तीच रीत. त्या दिवशी मी ताठ उभी राहिले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "शेवंताबाईची. वसतिगृहात स्वयंपाक करते ती. ही पेज तिच्याच हातची आहे."

म्हातारीचे डोळे बारीक झाले. मी तिला टाकीचं सांगितलं, पाइपचं सांगितलं, रत्नाच्या चपला मट्ठ्याच्या खणातून टाकीच्या खणात कशा गेल्या ते सांगितलं. दही मी सांगितलं नाही, ते सांगायचा हक्क आईचा होता. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ नातीच्या पायावरून हात फिरवत राहिली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, हळूहळू दारापर्यंत गेली आणि बाहेर भिंतीला लागून उभ्या असलेल्या आईचा हात धरला. त्याच हाताबद्दल ती बोलली होती. तिनं आईला आत आणलं, खाटेवर आपल्या जागी बसवलं आणि डब्याचं झाकण स्वतः काढलं.

रत्नानं दोन चमचे पेज खाल्ली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "मावशी, लोणचं न्हाई आणलंस?"